कंदिलाची काळी बाजू

मी लाइटवाला. पिक्चरच्या शेवटी पाटी सरसर वर जाते, तिच्यात 'गॅफर' म्हणून माझं नाव येतं तेव्हा लोक सीटखाली चप्पल शोधत असतात. बावीस वर्षं हेच चाललंय. या जानेवारीतली एक रात्र मात्र डोक्यातून जात नाही. पिक्चर अजून एडिटवर आहे, म्हणून नाव-गाव काही सांगत नाही. पन्हाळ्याच्या पायथ्याचं एक खेडं, तिथला एक जुना वाडा, एवढं पुरे.

गोष्ट प्रेमाची आणि हसायची. वाड्यात भाड्यानं राहायला आलेला पोरगा तिथल्या पोरीच्या प्रेमात पडतो, आणि पोरगी असते भूत. तिला सावली नाही. प्रेक्षकाला हे पहिल्या सीनपासून दिसतं, हिरोच्या मात्र इंटरव्हलपर्यंत ध्यानात येत नाही. सगळा विनोद त्यावरच उभा. लिहिणाऱ्यानं 'तिला सावली नाही' असे तीन शब्द लिहिले आणि तो चहा प्यायला गेला. पुढं एकवीस रात्री ते तीन शब्द माझ्या उरावर. उलट्या पावलांची हडळ लिहिली असती तर मेकअपवाल्यानं बघून घेतलं असतं.

'व्हीएफएक्समध्ये काढू,' असं कॅमेरामन पहिल्याच दिवशी म्हणाला. हल्ली प्रत्येक दुखण्यावर हेच औषध. निर्मात्यानं त्याचा भाव काढला आणि दुसऱ्या दिवशी सावली पुसायचं काम माझ्या गळ्यात आलं.

लोकांना वाटतं, सावली घालवायची तर उजेड कमी करायचा. तसं नसतं, उजेड मोठा करायचा असतो. बारा बाय बारा फुटांचं पांढरं कापड ताणायचं, त्याच्या मागनं एचएमआय, म्हणजे दिवसासारखा उजेड देणारा जबर लाइट, मारायचा. उजेड माणसाला वळसा घालून पलीकडं जातो आणि सावली विरून जाते. माणूस भिंतीपासून आठ फूट पुढं घ्यायचा, लाइट उंच चढवायचा, म्हणजे उरलीसुरली सावली पायाशी पडते, फ्रेमच्या बाहेर. (नवीन पोरं दोन बाजूंनी दोन लाइट मारतात आणि एका सावलीच्या दोन करून ठेवतात.) इथवर सोपं. पण त्याच फ्रेममध्ये हिरो उभा, आणि त्याची सावली ठसठशीत पाहिजे, नाहीतर तिला नाही हे कळणार कसं? म्हणून त्याच्यावर कडक बेबी, म्हणजे छोटा स्पॉटलाइट, आणि बेबीचा उजेड तिच्यावर सांडू नये म्हणून मध्ये कटर, म्हणजे उजेड अडवणारा काळा आडोसा. कटर लाइटजवळ धरला तर काळ्याची कड मऊ येते, माणसाजवळ आणला तर सुरीनं कापल्यागत. दोघं बोलता बोलता अर्धं पाऊल सरकली की कटरपण सरकायला पाहिजे. माझा कागलचा एक पोरगा आहे, तालमीतला. तो कटर हातात धरून त्या दोघांच्या श्वासाबरोबर हलायचा. त्याचं नाव पाटीतसुद्धा येणार नाही.

आम्हाला हे जमलंच पाहिजे होतं. इथल्याच, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२३ साली 'सिंहगड' या मूकपटासाठी कृत्रिम उजेडात शूटिंग केलं होतं, हे आमच्यात नवशिक्या हेल्परलाही पाठ असतं. आणि मुंबईहून आलेला असोसिएट मला विचारतो, "दादा, तुमच्याकडे सॉफ्टबॉक्स असतो का?"

तर ती रात्र. सीन असा: वाड्यातली वीज गेलीय, हिरो कंदील घेऊन माजघरात येतो, ती समोर. हातात कंदील म्हणजे लाइट फ्रेमच्या आतच, तोही चालता. तिथं कटर कुठं धरणार? मग कंदिलात बॅटरीवरचा बल्ब बसवला आणि काचेच्या अर्ध्या भागाला आतून काळी टेप मारली. उजळ बाजू हिरोकडं, काळी बाजू तिच्याकडं. कॅमेरा त्याच्या खांद्यामागं, त्यामुळं कंदील त्याच्या अंगाआड झाकलेला. कडीला लाल दोऱ्याची गाठ बांधली आणि हिरोला सांगितलं, "सर, गाठ अंगठ्याखालनं हलू द्यायची नाही." या युक्तीवर मी स्वतःच खूश होतो.

वाड्याचे मालक, आम्ही आबा म्हणायचो, रोज रात्री कांबळं पांघरून सोप्यात बसायचे. आमची ती टेप-चिकटाई बघून म्हणाले, "कशापायी एवढं करताय रं?"

"आबा, भुताला सावली नसते."

"देवालाबी नसती. दमयंतीचं म्हाईत न्हाई व्हय? सैंवराला पाच नळ बसल्यालं. चार देव, एक खरा. देवास्नी घाम न्हाई, सावली न्हाई, पापणी लवत न्हाई. ज्येची सावली पडली त्येच्या गळ्यात तिनं माळ घातली." मग बिडी झटकत म्हणाले, "मंजे तुमची बाई भूत हाय का देव, ते आधी इचारून घ्या."

सगळे हसलो आणि कामाला लागलो.

कारखान्यांचा सीझन ऐन भरात. वाड्यामागच्या रस्त्यानं रात्रभर उसाच्या ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर कर्णे, कर्ण्यात गाणी. ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून लावतात, त्याला काय बोलणार? सात टेक झाले. पाच ट्रॅक्टरनं खाल्ले, एक कुत्र्यानं, एक हिरो वाक्य विसरला. साउंडवाला हेडफोन काढून डोळे मिटून बसलेला. पहाटेचे चार वाजून गेले होते, थंडीनं बोटं वळत नव्हती, आणि ते लोकेशन त्या दिवशीच सोडायचं होतं.

आठवा टेक. रस्ता गप्प. हिरो आला, बोलला, ती बोलली. मग स्क्रिप्टमध्ये नव्हतं ते त्यानं केलं. तिचा चेहरा नीट बघायचा म्हणून कंदील उचलला आणि मनगट वळवलं. गाठ अंगठ्याखालनं सुटलेली मला दिसली. उजेड सरळ तिच्या तोंडावर. तिची पापणी लवली, तिनं डोळे बारीक केले आणि खुदकन हसली. एकवीस रात्रींत ती तशी हसली नव्हती. आणि मागच्या चुन्याच्या भिंतीवर तिची सावली चढली, तिच्याहून मोठी, वाढत वाढत बेबीनं पाडलेल्या त्याच्या सावलीला जाऊन टेकली.

मॉनिटरवर सगळे चेहऱ्यांकडं बघत होते. भिंतीकडं बघायचा पगार फक्त मला.

"ओके! ओके!" दिग्दर्शक उठून नाचायलाच लागला. "लाइट ओके?" कॅमेरामननं नेहमीप्रमाणं माझ्याकडं न बघता विचारलं.

कागलचा पोरगा माझ्याकडं बघत होता. मी म्हटलं, "ओके."

आता सगळे विचारतील, का म्हणालास? मीपण तेच विचारतोय. थंडी होती, पोरं चौदा तास उभी होती, अजून एक टेक म्हणजे अजून सात ट्रॅक्टर. हे सगळं खरं आहे. पण तेवढंच असतं तर घरी जाऊन गाढ झोपलो असतो. ते हसू परत आलं नसतं, हेही खरं. पण हसू बघायला माणसं आहेत सेटवर, त्यांना त्याचेच पैसे मिळतात. मला सावलीचे मिळतात.

मार्चमध्ये दिग्दर्शकाचा फोन आला. त्यांचा आवाज थंड होता. "दादा, एडिटरला माजघरातल्या शॉटमध्ये सावली सापडलीय. अकरा सेकंद."

अकरा सेकंद म्हणजे २६४ फ्रेम. पोपडे धरलेली भिंत, वर हलता उजेड. पुसायचं तर एकेक फ्रेम हातानं. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि गप्प राहिलो.

"तुम्हाला दिसली होती का?"

"होय सर."

"मग ओरडला का नाहीत?"

"ट्रॅक्टर नव्हता ना, सर."

पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ते म्हणाले, "हम्," आणि फोन ठेवला. शॉट ठेवला, पुसला की उडवला, अजून कळवलेलं नाही. लाइटवाल्याला कोण कळवतंय.