नशीब काढलंस

मंगळवार, रात्री पावणेबारा

शनिवारपासून एक वाक्य कानातून निघत नाहीये. कार्यक्रम संपल्यावर सभागृहाच्या पायऱ्यांवर चपला शोधता शोधता वन्सं म्हणाल्या, “नशीब काढलंस हो!” मायेनंच म्हणाल्या. मी वाकून नमस्कारही केला. आणि रिक्षात बसल्यावर घसा जो दाटून आला, तो घरी पोचेपर्यंत. यांना वाटलं, मी दमलेय.

नशीब. तेवढंच दिसलं का?

आज संध्याकाळी कशातच मन लागेना, म्हणून टेनिसपटू एव्हा लिसच्या मेलबर्नच्या मॅचेस पुन्हा लावून बसले. जानेवारी २०२५ मधल्या. ही हॅम्बुर्गची मुलगी तेव्हा जगात १२८वी. पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात हरली, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपन तिच्यापुरती संपलीच होती. १२ तारखेला मुख्य स्पर्धा सुरू झाली, त्याच दिवशी तिला २३ वर्षं पूर्ण झाली. कसा गेला असेल तो वाढदिवस? कुणाचं नाव गळतंय का, याची वाट बघण्यात? १४ तारखेला तेरावी मानांकित ॲना कालिन्स्काया आजारपणामुळे बाहेर पडली आणि हिला निरोप आला. कोर्टवर जायला जेमतेम १० मिनिटं. समोर किंबर्ली बिरेल, ऑस्ट्रेलियाचीच, प्रेक्षक तिच्या बाजूचे. आणि ही ६-२, ६-२ अशी जिंकली. मग ग्राचेवा, मग क्रिस्टियन, दोघींशी तीन-तीन सेट. थेट चौथी फेरी. १९८८पासून त्या स्पर्धेत महिलांमध्ये एकाही ‘लकी लूजर’ला तिथवर जाता आलं नव्हतं.

लकी लूजर. टेनिसमध्ये हा रीतसर शब्द आहे. पात्रता फेरीच्या शेवटी हरलेल्यांपैकी जिला कुणाच्या तरी माघारीमुळे जागा मिळते, ती. नशीबवान हरलेली. तीन सामने जिंकले तरी नावापुढे तेच लागणार.

मला त्या शब्दाचा आज फार राग आला. कारण त्यात वाट बघणं कुठेच येत नाही. हरल्यावर बॅग भरून विमानतळ गाठणं किती सोपं! त्याऐवजी नाव नोंदवून थांबायचं, रॅकेट तयार ठेवायच्या, अंग मोकळं करून बसायचं, डोक्यात आदल्या पराभवातले चुकलेले फटके घेऊन. आणि बहुतेकींना बोलावणं येतच नाही. त्या तशाच घरी जातात. त्यांना कुणी काही म्हणत नाही.

मी ताईंच्या गाण्यामागे तंबोऱ्यावर किती वर्षं बसलेय, ते वन्संना ठाऊक आहे. शनिवारीसुद्धा त्यासाठीच गेले होते. सव्वापाचला ताईंचा घसा पूर्ण बसल्याचा फोन आला, सहाला पडदा. सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. ताईंचा सूर पेटीची काळी चार, माझा पांढरी सहा. अर्ध्याच सुराचा फरक, पण दोन्ही तंबोरे नव्यानं लावायचे. पंचमाची तार चढवताना माझा हात इतका थरथरत होता की खुंटी दोनदा सुटून मागे फिरली. शेजारी तबल्याच्या गट्ट्यांवर हातोडी चालू होती, टक् टक् टक्, आणि त्या आवाजात मला माझा षड्जच, माझा ‘सा’च सापडेना. दोरा सरकवून जवारी लावली, डोळे मिटले, आणि मग कधीतरी खर्ज बोलला. बाहेर निवेदक सांगत होते, “त्यांच्याऐवजी ऐन वेळी...” तिसऱ्या रांगेतलं एक जोडपं उठून गेलं. गेलं तर गेलं.

राग पूरियाधनाश्री गायले. कसं झालं ते मी लिहिणार नाही. निषाद एकदा जसा लागायला हवा तसा लागला, एवढं मला माहीत आहे.

मग ते नशिबानं लागलं का? पुन्हा तेच. तीन दिवस मी याच एका दाराशी घुटमळतेय.

नाना असते तर त्यांनी नक्की स्टेफी ग्राफचं उदाहरण दिलं असतं. त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून तिचं कात्रण चिकटवलेलं होतं, १९८८चं. चारही ग्रँड स्लॅम आणि सोलचं ऑलिंपिक सुवर्ण, एकाच वर्षात. पण नाना सांगायचे ते १९८२चं. १३ वर्षांची पोर जर्मनीतल्या फिल्डरश्टाटला पहिली व्यावसायिक मॅच खेळते आणि ट्रेसी ऑस्टिनकडून ४-६, ०-६ हरते. “ते आधी बघ,” म्हणायचे. ते कपाट आता दादाकडे आहे. कात्रण आहे की नाही, विचारायला हवं.

एव्हा स्टेफीसारखी नाही. दोन वर्षांची असताना कीवहून जर्मनीत आली, वडील व्लादिमीर स्वतः युक्रेनकडून डेव्हिस कप खेळलेले, त्यांनीच शिकवलं. आणि तिला स्पाँडिलोआर्थ्रायटिस आहे. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांवर उलटते, आखडतं, सुजतं, थकवा येतो. तिने हे लपवलं नाही. मी मॅच बघताना तिच्या पायांकडेच बघत होते. दोन सर्व्हिसच्या मधे ती जाग्यावर उड्या मारत राहते, थांबत नाही. सकाळी माझी बोटं जशी... राहू दे. तो विषय आज नको.

चौथ्या फेरीत दुसरी मानांकित इगा श्वियाँतेक आली आणि ०-६, १-६. तासाभरात सगळं आटोपलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं होतं, आज आलं नाही. आज मला एप्रिल २०२२चं श्टुटगार्ट आठवलं. तेव्हा घरच्या प्रेक्षकांसमोर, पात्रता फेरीतून वर येऊन, तिची गाठ दुसऱ्या फेरीत याच श्वियाँतेकशी पडली होती. १-६, १-६. म्हणजे पावणेतीन वर्षांनी उलट एक गेम कमीच! आकडे बघितले तर ही मागेच गेली. आणि तरी मेलबर्ननंतर ती पहिल्या शंभरात आली, पुढे पहिल्या पन्नासात. त्याच वर्षी बीजिंगला तिनं विम्बल्डन जिंकलेल्या रिबाकिनाला हरवलं, उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे तिला कुणाच्या माघारीमुळे जागा मिळाली नव्हती. स्वतःच्या क्रमवारीवर गेली होती.

हे लिहिताना जरा बरं वाटतंय. पण एक गोष्ट मघापासून टोचतेय.

मेलबर्नची एवढी मॅच मी चार वेळा पाहिली असेन. कालिन्स्कायाला काय झालं होतं, ती किती दिवसांत उठली, हे एकदाही शोधलं नाही. तेराव्या मानांकनापर्यंत पोचायला तिलाही वर्षं लागली असतील आणि ती त्या दिवशी खोलीत पडून असेल. हिची १० मिनिटं तिच्या तापातून आली का पोटदुखीतून, कोण जाणे. वन्सं म्हणाल्या ते नशीब तिथे होतंच की. मी ते नाही म्हणत होते, कारण ते मान्य केलं की माझी वर्षं पुसली जातील असं वाटत होतं. पुसली कुठे जातात? तंबोरा काही वन्संच्या वाक्यानं उतरला नाही.

ताईंना मी शनिवारपासून फोन केलेला नाही. आधी वाटलं, त्यांना बोलायचा त्रास होईल. मग वाटलं, त्यांना कार्यक्रमाबद्दल ऐकायचं नसेल. खरं कारण वेगळं आहे. त्यांनीही “नशीब” म्हटलं असतं तर मला सोसलं नसतं.

आता पावणेबारा म्हणजे फोनची वेळ नाही. मेसेज टाकलाय, ‘ताई, घसा कसा आहे? ज्येष्ठमध घेऊन सकाळी येऊ का?’

दोन निळ्या खुणा आल्यात. जाग्या आहेत. काहीतरी लिहितायत, थांबतायत, पुन्हा लिहितायत.