देवी निद्रेला, आम्ही डोंगरात

धाराशिव, दसऱ्यानंतरचा रविवार

तुळजापूरच्या रस्त्याला चालत जाणाऱ्यांची रीघ लागलीय. पौर्णिमेपर्यंत वाढतच जाईल. गावाकडं सोयाबीन पाण्यात गेलंय, अशात आपली शर्यतीची कौतुकं सांगायला ओशाळल्यासारखं होतं. तरी घरी येणारा प्रत्येक जण विचारतोच, "तिकडं उंचावर दम लागला का?"

लागला की. पण तोर दे जेआं ही डोंगरातून पायी पळायची शर्यत दमापेक्षा झोपेची आहे.

इटलीच्या आओस्ता खोऱ्यात कुर्मायरहून निघायचं आणि डोंगरांना वळसा घालून कुर्मायरलाच परत यायचं. ३३० किलोमीटर, एकूण चढ २४,००० मीटर, मुदत १५० तास. आमची हातलाईची टेकडी शंभर मीटर धरली तर दोनशे चाळीस वेळा चढायची. वर घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. जेवण, झोप, पायाचे फोड, सगळं त्याच दीडशे तासांत उरकायचं. त्याच खोऱ्यातल्या ग्रेसोनेच्या फ्रँको कोले यांनी २०२१ मध्ये हे सगळं ६६ तास ४३ मिनिटांत संपवलं होतं. ते वेगळं रक्त, तो हिशोब आपण करू नये.

सर्वांत उंच जागा लोसोंची खिंड, ३,२९९ मीटर. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाच्या आसपास. वीस पावलं टाकायची, काठ्यांवर रेलायचं, पुन्हा वीस पावलं. त्याचं काही वाटलं नाही, कारण चढताना त्रास होणार हे ठरलेलंच असतं. उतारानं मात्र जीव खाल्ला. लोसोंवरून खाली कोन्य गावापर्यंत सतराशे मीटरच्या वर उतार. पुढं शांपोर्शेची खिंड ओलांडली की दोनासपर्यंत जवळजवळ अडीच हजार मीटर खाली. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला ब्रेक लावत असतो, म्हणून त्याचे तंतू फाटतात. ही सवय घाटाच्या डांबरी रस्त्यावर पळून होत नाही.

वाटेत सहा मोठे तळ. आमची पिवळी पिशवी गाडीनं एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचते. माझ्या पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. तिकडं मक्याचं पीठ घोटून चीज घातलेलं पोलेंता मिळतं, गरम असतं, पोट भरतं. पण तिखटाशिवाय जाग येत नाही आपल्याला.

आणि जागच तर हवी होती. योगायोग असा, की आम्ही सुटलो त्याच सुमारास इकडं तुळजापूरची भवानी घोरनिद्रेला, म्हणजे नवरात्राआधीच्या झोपेला, गेली होती. फोनवर आई म्हणाली, "आरं, देवी सुदिक झोपती, अन् तुला कसली घाई रं?" उत्तर नव्हतं. १७ सप्टेंबरच्या पहाटे ग्रेसोनेच्या वाटेवर दगडांच्या राशी मला परड्या घेतलेल्या आराधी बायका दिसायला लागल्या. एकीला मी वाट विचारली. तेवढ्यात भावानं मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाचा फोटो पाठवला. तो बघत तिथंच खडकाला टेकलो आणि डोळा लागला. मागून आलेल्या एका इटालियन बाईनं खांदा हलवून उठवलं, हातात बिस्किट दिलं आणि काही न बोलता पुढं गेली. त्या झोपेनं जे दिलं ते तळावरच्या खाटेनंही दिलं नाही. खाटेवर पडलं की पाय ठणकतात, शेजारी कुणाचा तरी गजर वाजतो आणि मन पुढच्या खिंडीत जाऊन बसतं.

मालात्रा ही शेवटची मोठी खिंड शनिवारी ओलांडली. मुदतीच्या आत कुर्मायरला पोचलो.

आता देवी श्रमनिद्रेत, म्हणजे दसऱ्यानंतरच्या झोपेत आहे. आईला पौर्णिमेला दर्शनाला जायचंय. मी म्हटलं, एसटीनं जाऊ. तिला वाटतं पोरगं थकलंय. खरं कारण महाद्वारापुढच्या पायऱ्या. तुळजापूरला देवीकडं जाताना उतरावं लागतं, आणि माझा डावा गुडघा चढाला गप्प बसतो, उताराला नाही.