आकृती झाली, 'त्रिज्या' अडली

दहावीच्या मुलांसाठी भूमितीच्या नोट्स छापायच्या होत्या. स्पर्शिका-त्रिज्या प्रमेयाची आकृती पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दहा मिनिटांत निघाली. मग तिच्यावर नावं टाकायला घेतली आणि चार संध्याकाळी गेल्या.

आधी अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी. मूळ फॉन्टमध्ये देवनागरीच नव्हती, हे एकवेळ समजलं. दुसरा फॉन्ट दिला, तर 'त्रिज्या'तल्या त चा पाय मोडलेला, र सुटा आणि पहिली वेलांटी सरळ पुढच्या ज ला चिकटलेली! 'स्पर्शिका'चा रफार खाली उतरलेला आणि श ची वेलांटी क ने पळवलेली. फॉन्टच वाईट म्हणून मी आणखी सहा उतरवले. खरं तर तोच फॉन्ट वर्डमध्ये नीट दिसत होता, तेव्हाच ट्यूब पेटायला हवी होती. संगणक अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतो, आधी र, मग वेलांटी. दाखवताना ती उचलून अलीकडे मांडायची, जोडाक्षर घडवायचं, हे काम वेगळंच इंजिन करतं. पायथनमध्ये आलेख काढायचा जो तयार कोडचा संच (लायब्ररी) मी वापरत होतो, त्याच्या माझ्याकडच्या आवृत्तीत ते नव्हतंच.

भाचा म्हणाला, "मामा, रेडियस लिही ना इंग्रजीत, संपलं." मराठी माध्यमाच्या मुलांच्या नोट्समध्ये रेडियस? त्या हट्टापायीच शेवटी टिक्झेड शिकलो, म्हणजे लाटेक या मजकूर-मांडणीच्या प्रणालीत आज्ञा लिहून आकृत्या काढायचं साधन. झीलाटेकमधून (लाटेकचा देवनागरी नीट जुळवणारा प्रकार) चालवलं आणि 'त्रिज्या' पहिल्या फटक्यात शाबूत आली. मी बायकोला हाक मारून दाखवली. फक्त फॉन्ट सांगताना 'स्क्रिप्ट' (लिपी) या पर्यायापुढे देवनागरी लिहायला विसरू नका, नाहीतर तिथेही जोडाक्षरं तुटतात. हे सगळं ज्यात एकत्र मिळतं ते पूर्ण टेक लाइव्ह काही जीबीचं आहे, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर उतरवायला बसू नका.

त्रिकोणमितीचे आलेख काढणाऱ्यांनी एक बघावं: टिक्झेड कोन अंशांत घेतं, पायथन रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात. पायथनमध्ये साइन 30 काढलं की 0.5 ऐवजी -0.988 येतं. आणि टॅनच्या आलेखात 90 अंशांवर उभी रेघ आली, तर ती आलेखाची नव्हे. सॉफ्टवेअर वरचा आणि खालचा बिंदू मुकाट्याने जोडून टाकतं. आलेख तिथे तोडून दोन तुकड्यांत काढा.

हां, प्रेसला पीडीएफच द्या. मी आधी छोटी पीएनजी (ठिपक्यांनी बनलेलं चित्र) दिली होती, तर वर्तुळाला करवतीसारखे दाते आले.