आजोबांची आरती पुन्हा ऐकली

नौपाड्यातल्या दुकानातून आज आमच्या जुन्या कॅसेटच्या डीव्हीडी मिळाल्या. हाय-8 आणि मिनी डीव्ही, व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या छोट्या कॅसेटचे दोन्ही प्रकार होते. या कामात घाई चालतच नाही. तासाभराची कॅसेट उतरवायला ती तासभर चालवावीच लागते. एका फितीवर बुरशीचे पांढुरके ठिपके होते. ठाण्यातला पावसाळा बंद कपाटातही शिरतो! दुकानातल्या काकांनी ती आधी नीट साफ केली, मगच मशीनमध्ये घातली. इतकी काळजी आपल्या वस्तूची कुणी घेतली की फार बरं वाटतं.

संध्याकाळी आईबरोबर बघायला बसले. चरईतलं जुनं घर, गणपती, आणि आजोबांचा तो खर्जातला आवाज. 'घालीन लोटांगण'ला ते डोळे मिटून टाळ वाजवतायत, बाजूला आजी निरांजनात तूप घालतेय. आजोबांचे फोटो घरात पुष्कळ आहेत, पण आवाज फक्त या फितीत होता. आईने तेवढीच आरती तीनदा लावायला लावली.

एक आवर्जून सांगते. मिनी डीव्हीचं तासाभराचं मूळ चित्रण साधारण 13 जीबी भरतं आणि साध्या डीव्हीडीत मावतात 4.7 जीबी. म्हणजे डीव्हीडीवर चित्राचा दर्जा थोडा उतरतोच. म्हणून मूळ फाइल्स हार्ड डिस्कवरही मागून घ्या. मी घेतल्यात, कॅसेटही जपून ठेवणार आहे.

मामेभावंडांनो, तुमच्या मुंजीचं शूटिंगही यात सापडलंय. रविवारी पेनड्राइव्ह घेऊन जेवायलाच या.