डिसेंबरात गुलमर्गला स्कीला जाताय? रेनकोट घ्या, आणि कोंगडोरीवरून खाली उतरू नका

परत येऊन तीन दिवस झाले. हातमोजे काल कुठे वाळले, घोडबंदर रोडच्या उन्हात, गॅलरीतल्या दोरीवर. गुलमर्गला पाच दिवसांत ते एकदाही नीट वाळले नव्हते. डिसेंबरात स्कीला जायचा बेत असेल तर हे वाचूनच बॅग भरा, कारण आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. उलट ज्याच्याकडे बुकिंग केलं त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "१५ डिसेंबरनंतर कोरडा भुसभुशीत बर्फ. ट्रेकचे रेनकोट कशाला वाहून नेताय?" आम्ही चौघं, तिघं ठाण्याचे आणि एक ऐरोलीचा. दर पावसाळ्यात सह्याद्रीत चिंब होणारी माणसं, आणि चौघांनीही रेनकोट घरी ठेवले. याची चीड अजून गेलेली नाही.

टंगमर्गला गाडी बदलली तेव्हा पाऊस होता. तेरा किलोमीटर घाट चढून २६५० मीटरवर गुलमर्गला पोचलो, तिथेही पाऊसच. बर्फ होता, पण पाणी प्यायलेला. बूट ठेवला की ठशात पाणी साचायचं. काश्मिरी लोक ज्याला चिल्लई कलां म्हणतात ते कडाक्याचे चाळीस दिवस २१ डिसेंबरला सुरू होतात. त्याआधी पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून पाऊस-बर्फ घेऊन येणारं वादळ, आला तरी हवा बऱ्याचदा पुरेशी गार नसते. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशेबानं, गोंडोलाच्या, म्हणजे इथल्या केबल कारच्या, पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीला, खालच्यापेक्षा तीनेक अंश कमी. म्हणून खाली पाऊस आणि वर ओला, जड बर्फ. आणि तारखेवर तर मुळीच विसंबू नका. २०२४ च्या जानेवारीत, ऐन चिल्लई कलांमध्ये, गुलमर्गचं मैदान तपकिरी पडलं होतं.

हे सगळं ज्यांना स्कीवर वळता आणि थांबता येतं त्यांच्यासाठी लिहितोय. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराचा चढ न थांबता चढत असाल तर दमाची काळजी नको. पहिल्यांदाच जात असाल तर सरळ फेब्रुवारीत जा.

कपड्यांचं एकच सांगतो: थंडीची नाही, पाण्याची तयारी करा. पिसांचं जॅकेट भिजलं की संपलं, त्यात ऊब राहत नाही. आत लोकरीचं किंवा ट्रेकचं सिंथेटिक, सुती काहीही नको, आणि वर खरोखर पाणी अडवणारं जॅकेट-पँट. हातमोज्यांचे दोन जोड घ्या. माझ्या मोज्यांत अंगठ्याच्या शिवणीतून पाणी शिरलं, तासाभरात बोटं पांढरी, पोल, म्हणजे स्कीची काठी, हातात आहे की नाही तेही कळेना. ऐरोलीच्या मित्रानं टंगमर्गच्या दुकानातून मोठ्या मापाचे रबरी हातमोजे आणून लोकरी हातमोज्यांवर चढवले. आमच्यात हात कोरडे फक्त त्याचेच राहिले. बुटातला लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, रोज रात्री बाहेर काढा, पण बुखारीला, म्हणजे खोलीतल्या शेगडीला, चिकटवून ठेवू नका, हातभर लांब ठेवा.

आता भाड्याचं सामान. पहिल्या दुकानात स्की, बूट, पोल मिळून दिवसाचे १५०० सांगितले. आम्ही दमलेलो, भिजलेलो, देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी तीन दुकानं सोडून तसंच सामान ७०० ला मिळत होतं. पोचल्या संध्याकाळी काहीही भाड्यानं घेऊ नका, सकाळी घ्या. बूट घालून गुडघे पुढे वाकवा. टाच उचलली गेली तर तो बूट परत करा. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडलो की सोडणारी पकड, तुमच्या वजनावर, बुटाच्या लांबीवर आणि तुम्हाला किती येतं यावर बसवतात. आमच्या दुकानदारानं नुसतं आमच्याकडे बघून स्क्रू फिरवला. त्याचं काय झालं ते पुढे येतंच. स्कीच्या तळाला घसरण्यासाठी वॅक्स कोणतं लावलंय तेही विचारा. कडाक्याच्या थंडीचं वॅक्स ओल्या बर्फावर चालत नाही. स्कीखाली पाण्याचा थर धरतो, स्की जागच्या जागी चिकटते आणि आपण कमरेतून पुढे फेकले जातो. उबदार बर्फाचं वॅक्स, बहुतेक पिवळं असतं, त्याची छोटी वडी खिशात ठेवा आणि दर दोन फेऱ्यांनी घासा.

तिसऱ्या दिवशी आम्ही ती चूक केली. कोंगडोरीच्या वरच्या उतारावर दोन तास बरे गेले होते. गाइड म्हणाला, "नीचे तक बर्फ है, आराम से जाएँगे." खालपर्यंतचे त्याचे पैसे वेगळे. गोंडोलानं जे अंतर दहाएक मिनिटांत होतं, त्याला आम्हाला दोन तास चाळीस मिनिटं लागली.

ढग खाली आले होते. अशा उजेडात खड्डा आणि उंचवटा एकच दिसतो. पहिला चतकोर ठीक. मग सुयांसारख्या पानांची झाडं सुरू झाली. झाडाखाली बर्फ चार बोटं, त्यावर पडलेल्या सुया. सुयांवर स्की गेली की वाळूत गेल्यासारखी थांबते. वरून फांद्यांचं पाणी मानेत. त्यापुढे नाला. जानेवारीत तो बर्फाखाली गाडला जातो म्हणे. आम्हाला उघडा मिळाला. स्की खांद्यावर, पायात कडक प्लॅस्टिकचे बूट, खाली शेवाळलेले दगड. पावसाळ्यातला कुठलाही ओढा यापेक्षा सोपा, कारण तिथे घोटा वळतो.

नाल्याखाली बर्फ राखाडी झाला, पाण्यानं जड. माझ्या मावसभावाच्या डाव्या स्कीचं टोक त्यात रुतलं. तो वेगात नव्हता, हळू पिळवटत पडला, आणि बाइंडिंग सुटलंच नाही. गुडघा फिरला. तो ओरडला नाही, नुसता बसून राहिला. त्यानं मी जास्त घाबरलो. उरलेली वाट त्याला दोन्ही बाजूंनी धरून बाजूबाजूनं उतरवली. ठाण्यात एमआरआय झाला, लिगामेंट ताणलंय, तुटलं नाही. सहा आठवडे जिने बंद.

तेव्हा स्पष्ट सांगतो. खालच्या मैदानावर गुडघाभर बर्फ नसेल तर वरच खेळा आणि गोंडोलानं खाली या. गाइड काहीही म्हणो. गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा, आणि सिम पोस्टपेड न्या, बाहेरच्या राज्याचं प्रीपेड तिथे चालत नाही. ओल्या बर्फात दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवा, वळणं मोठी आणि सावकाश घ्या, मागे रेलू नका. दम लागायच्या आधीच थांबा, थकलेल्या पायानंच गुडघे जातात.

चौथ्या-पाचव्या दिवशी ऊन पडलं. रात्री आकाश निरभ्र असल्यानं सकाळी उतार काचेसारखा कडक, अकरानंतर मऊ. अकरालाच निघा. मजा आली.

सामान परत करताना दुकानदारानं माझी स्की उलटी केली. नाल्याखालच्या दगडानं तळाला वीतभर लांब चर पडली होती. शेजारी तीन जुन्या चरा होत्या, गंजलेल्या कडेसकट. त्यानं चारही माझ्या नावावर लावल्या आणि ४००० मागितले. स्की घेतानाच तळाचे आणि कडांचे फोटो काढा, दुकानदारासमोर, त्याला दाखवून. आमच्याकडे फोटो नव्हता. ४००० दिले.