आमची वाटचाल : मंगळवारचं हाउस, शनिवारचं विमान

वर्धापनदिनाला काहीतरी लिहा म्हणून ऑफिसमधली मुलं दोन वर्षं मागे लागली आहेत. लिहितो, पण मग मनात आहे तेच लिहीन.

२००४ साली पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत एका वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर मी आणि माझ्या भागीदाराने टेबल टाकलं. धंदा, कारखान्यांचा माल विमानाने परदेशी पाठवून द्यायचा. आधी दोघं एकाच सीएचएकडे, म्हणजे कस्टम्सची कामं करून देणाऱ्या एजंटकडे, नोकरीला होतो. भागीदाराचं तोंड गोड, म्हणून गिऱ्हाईक त्याच्याकडे. माझा हात कागदाला बरा, म्हणून शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद), पॅकिंग लिस्ट आणि मुंबई विमानतळावरच्या, सहारच्या, कार्गो कॉम्प्लेक्सची रांग माझ्याकडे. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची. आमचा युरोपचा माल तेव्हाही आधी खंडाळ्याचा घाट उतरायचा आणि मग उडायचा, आजही तसंच आहे. गिऱ्हाइकाला वाटतं, विमानाने म्हणजे उद्या पोचणार. विमान हवेत असतं नऊ-दहा तास. बाकीचे दिवस टेम्पो, कस्टम्स, स्क्रीनिंग आणि पॅलेट बांधण्यात जातात, आणि आमची मजुरी त्याच दिवसांची असते.

माझ्या खिशात तेव्हापासून पाच मीटरची स्टीलची फीत आहे. ही तिसरी. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं. १२० बाय ८० चं लाकडी पॅलेट, उंची १००, म्हणजे व्हॉल्यूम वेट, मापावरून धरलेलं वजन, १६० किलो. आत माल ११० किलोचा असला तरी बिल १६० चं. माल आवळायची पट्टी सैल राहून वरचा पुठ्ठा तीन सेंटीमीटर फुगला की झाले १६५. कारखान्यातली मुलं आधी मापतात आणि मग पट्टी मारतात. उलटं करा. पट्टी मारून, खालचं लाकूड धरून मापा. सल्ला फुकट आहे, पण वीस वर्षांत ऐकणारे चार भेटले.

त्या चारातले एक भोसरीचे काका. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल करतात. खोकं लहान, वजन भरपूर, किंमत त्याहून जास्त. विमानाला शोभणारा माल. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीची राख उडाली आणि उत्तर युरोपचं आकाश जवळजवळ आठवडाभर बंद पडलं. काकांची चार खोकी स्टुटगार्टला जायची होती, तिकडे कारखान्याची लाइन थांबायची वेळ आलेली. भागीदार म्हणाला, "माल निघालाय, वाटेत अडकलाय, असं सांग. राख काय आपण उडवली?" मी फोन केला, "काका, माल सहारलाच आहे. हललेला नाही." ते मिनिटभर गप्प. मग विचारलं, "उघडं कुठलं आहे?" माद्रिद उघडं होतं. माद्रिदपर्यंत विमान, पुढे ट्रक. चार दिवस उशीर झाला, वरचा खर्च निम्मा निम्मा केला.

पुढची दोन वर्षं बरी गेली.

२०१२ च्या पाडव्याला भागीदाराने स्वतःची पाटी लावली आणि आमच्या चौदा गिऱ्हाइकांपैकी नऊ त्याच्याकडे गेली. किलोमागे आठ रुपये कमी! मी रात्र रात्र आकडेमोड करायचो, ह्याला परवडतं कसं? उत्तर कन्सोलमध्ये, म्हणजे अनेकांचा माल एकत्र करून पाठवण्यात होतं. एकाचं जड कास्टिंग आणि दुसऱ्याची फुगलेली प्लास्टिकची खोकी एकाच मास्टरखाली, म्हणजे विमान कंपनीच्या एकाच बिलाखाली, घातली की वजन आणि माप एकमेकांना सांभाळून घेतात, मधला फायदा एजंटचा. त्यात चूक काही नाही, आम्हीही करतो. पण जोडीचा माल येईपर्यंत पहिला माल गोदामात पडून राहतो, हे गिऱ्हाइकाला सांगायला हवं की नको? हा मंगळवारच्या तारखेचं हाउस एअरवे बिल, म्हणजे एजंटची स्वतःची मालाची पावती, हातात द्यायचा आणि माल चढायचा शनिवारी.

आमची अवस्था वाईट होती. छोट्या एजंटला विमान कंपनी थेट उधारी देत नाही. मोठ्याकडून जागा घ्यायची, रोखीने. कारखाना पैसे देणार साठ दिवसांनी. टेम्पो विकला. फाइल मांडीवर घेऊन मी एसटीने मुंबईला जायचो.

भागीदार काकांकडेही गेला होता. त्याचं कोटेशन काकांनी माझ्यासमोर ठेवलं. "आठ रुपये कमी. तुला जमतंय?"

"नाही."

"मग माझा माल कधी उडणार ते सांग."

"गुरुवारी रात्री."

त्यांनी कागदाची घडी करून चष्म्याच्या डबीखाली सारली. त्या महिन्यापासून त्यांचा चेक साठऐवजी सातव्या दिवशी यायला लागला. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी बोलून दाखवलं नाही.

वर्षभराने गेलेल्यांतला एक जण कागद घेऊन आला, माल कुठे आहे बघा म्हणून. मी त्याच्याकडे मास्टरचा नंबर मागितला. अकरा आकडी असतो, पहिले तीन आकडे विमान कंपनीचे. त्याला हाउस आणि मास्टर वेगळे असतात हेच माहीत नव्हतं! कंपनीच्या साइटवर नंबर टाकला, तर माल अजून चढलेलाच नव्हता. तेव्हा एक्स्पोर्ट करत असाल तर मास्टर मागून घ्या. आणि ‘बुकिंग झालं’ म्हणजे माल चढला असं समजू नका, ऑफलोड, म्हणजे बुक केलेला माल मागे ठेवणं, हा शब्द आमच्या धंद्यात रोजचा आहे. तीन गिऱ्हाइकं परत आली. सहा अजून तिकडेच आहेत, आठ रुपयांसाठी.

२०२० बद्दल सगळेच लिहितात. प्रवासी विमानं थांबली, त्यांच्या पोटातली आमची जागा गेली, दर रोज सकाळी नवा. टिकलो.

विमान म्हणजे उशिरावरचं औषध नाही, हेही एकदा सांगून टाकतो. आठ दिवस क्यूसीत, कारखान्याच्या तपासणीत, पडलेला माल शेवटी विमानाने पळवायचा आणि दर जास्त म्हणून आम्हाला बोलायचं! हिशेब उलटा करा. समुद्राने महिना लागतो, म्हणून तिकडच्या गोदामात दोन महिन्यांचा स्टॉक अडकतो, त्यावर व्याज किती जातं ते आधी मांडा. महाग आणि हलका माल असेल तर विमान स्वस्त पडतं. कास्टिंगला जहाजच.

काकांचा कारखाना आता त्यांची मुलगी बघते. काल संध्याकाळी तिचा फोन आला, "काका, सहा खोकी आहेत, गुरुवारचं धरू ना?" मी म्हटलं, थांब. खोक्यांचा फोटो बघितला होता, तिसऱ्याचा पुठ्ठा वर आलाय. सकाळी फीत घेऊन जातो, मग सांगतो.