ही नळी किती दिवसांची?

आप्पांचे डोळे पिवळे झाले तेव्हा पहिले पंधरा दिवस आम्ही हात धुण्यात घालवले. निपाणीजवळच्या एका गावात कावीळ उतरवणारे आहेत. चुन्याच्या पाण्यात हात चोळायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली म्हणायचं. पाणी रोज पिवळं होत होतं, खाज काही उतरेना. रात्ररात्र आप्पा नारळाच्या शेंडीने पाठ घासत बसायचे. लघवी कोऱ्या चहासारखी, शौचाला पांढुरकं. पित्त आतड्यात उतरतच नाही तेव्हा असं होतं, हे नंतर कळलं.

निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटर, बेळगाव पाऊणशेच्या आसपास. मोठं दुखणं आलं की आमच्याकडे पहिला वाद हाच. चुलते म्हणाले कोल्हापूर. मी बेळगाव धरलं, कारण बहीण अनगोळला दिलीय, डब्याची सोय होईल. दवाखाना निवडायचे आमचे निकष हे असे.

रक्तातलं काविळीचं प्रमाण, म्हणजे बिलिरुबिन, १८. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ दिसली, शेजारच्या रक्तवाहिनीला वेढा घातलेली. काढता येणार नाही, पण गाठीने आवळलेली पित्तनळी मोकळी करता येईल, असं डॉक्टर म्हणाले. तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत न्यायची, पित्तनळीच्या तोंडातून आत बारीक नळी सरकवायची, म्हणजे ईआरसीपी. पोट फाडायचं नाही. आम्हाला तेवढंच ऐकू आलं.

संमतीचा फॉर्म कन्नडमध्ये. मला बोलता येतं, वाचताना अडखळतो. आप्पांची उमर तंबाखूच्या वखारीत गेली, दोन्ही भाषा तोंडात. त्यांनी चष्मा लावून स्वतःचाच फॉर्म वाचला आणि मला मराठीत सांगितला. "स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, लिवलंय हितं. कर सही."

सूज आली नाही. आठवड्यात खाज थांबली, डोळे निवळले. आम्ही पेढे वाटले.

तिसऱ्या महिन्यात हुडहुडी भरून ताप आला, डोळे परत पिवळे. घातलेली नळी प्लास्टिकची होती. तिच्यात गाळ साचतो, साधारण तीन महिन्यांत ती बदलावी लागते. डिस्चार्ज कार्डाच्या कोपऱ्यात तसं इंग्रजीत खरडलेलंही होतं, पण तोंडाने कुणी सांगितलं नव्हतं. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला होता. त्या रात्री आप्पांचं बीपी खाली गेलं आणि मी कार्डाचा तो कोपरा बघत बसलो होतो. मीही विचारलं नव्हतंच.

यावेळी धातूची जाळीदार नळी घातली. ती आत गेल्यावर आपोआप फुलते, तोंड रुंद असतं, म्हणून महिनोन्महिने टिकते. किंमत प्लास्टिकच्या कितीतरी पट. सर्जनने दुसरा रस्ताही सांगितला होता. पोट उघडून पित्तनळी थेट आतड्याला जोडायची आणि त्याच वेळी जठरालाही नवी वाट करून द्यायची, कारण गाठ वाढली की तिकडेही अडवणार. आप्पा इतके खंगले होते की आम्ही मान हलवली नाही.

पाच महिन्यांनी तेच झालं. काल रात्रीची आमटी आज दुपारी उलटीत, जशीच्या तशी. कुशीवर वळले की पोटात घागर हिंदकळल्यासारखा आवाज. नाकातून नळी घालून जठर रिकामं केलं, आणि परत तोच प्रश्न. दुर्बिणीतून जठराच्या पुढे जाळी घालायची, की ऑपरेशन करून जठर पुढच्या आतड्याला जोडायचं?

डॉक्टर यावेळी खुर्ची ओढून बसले. जाळीने लवकर खाता येतं, घरी लवकर जाता येतं, पण गाठ जाळीच्या आत वाढून ती बंद पडू शकते. ऑपरेशनला सावरायला वेळ लागतो, पुढे मात्र ते जास्त टिकतं. नेदरलँड्समध्ये २०१० च्या सुमारास ३९ रुग्णांवर तुलना झाली, तिचाही सूर असाच होता. दोन महिन्यांहून जास्त आयुष्य दिसत असेल तर ऑपरेशन बरं. आणखी एक गोष्ट ते सहज बोलून गेले. पित्ताची धातूची नळी आधीच आहे हे बरं झालं. आतड्यात जाळी बसली की पित्तनळीचं तोंड तिच्याआड जातं, मग तिथे पोचणं फार अवघड.

मी तोंड उघडायच्या आत आप्पांनीच विचारलं, "ही नळी किती दिवसांची?"

"नक्की नाही सांगता येणार. काही महिने."

"आणि फाडलं तर मला उठायला किती दिवस?"

त्यांच्या पोटात पाणी झालं होतं, रक्तातलं प्रोटीन उतरलं होतं. डॉक्टरांनी हे लपवलं नाही. आप्पा म्हणाले, "मग जाळीच घाला."

दुसऱ्या दिवशी पाणी, मग पेज, मग डाळीचं पाणी. बहिणीच्या डब्यात आमटीचा नुसता कट.

आज आठवा आठवडा. भाकरी, पेरू, पालेभाजीचे देठ बंद, जाळीत अडकतात. शेवग्याची शेंग आप्पांचा जीव की प्राण. आई चमच्याने गर खरवडून देते. चोथा ताटाच्या कडेला पडतो, आणि आप्पा जेवण होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहतात.